वाचनालयाच्या माळ्यावरचे पाच जुने संगणक: ३८६ ते कोअर टू ड्युओ, उघडायचे कसे आणि मुलांना सांगायचं काय

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेतल्या वाचनालयाच्या माळ्यावरून पाच जुनी कॅबिनेटं खाली उतरवली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चार दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलंय. मुलांनी मशीन स्वतःच्या हातांनी उघडावं, प्रोसेसर नीट बघावा आणि निदान दोन मशीनं पडद्यावर काहीतरी दाखवावीत, एवढी इच्छा आहे. झाकणं काढून वाचता आलं ते असं:

पहिलं: एएमडीचा ३८६डीएक्स-४०, बोर्डालाच डागलेला, शेजारी एक रिकामं चौकोनी सॉकेट.
दुसरं: इंटेल ४८६डीएक्स२-६६.
तिसरं: पेंटियम १००.
चौथं: पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ.
पाचवं: कोअर टू ड्युओ ई७४००.

पहिल्या तिन्हींना मागे कीबोर्डचा मोठा गोल जोड आहे. थेट प्लग लावून बघावं का? आणि प्रोसेसरचा इतिहास सनावळ्या पाठ न करवता कसा सांगावा?

टाकणखार
प्लग लावू नका. आधी ३८६ आणि ४८६च्या बोर्डावर कीबोर्डच्या जोडाजवळ बघा. बोटाच्या पेराएवढी, पिंपाच्या आकाराची निळी किंवा हिरवी बॅटरी दिसेल. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. इतक्या वर्षांत ती पाझरलेली असणारच. टोकांना पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आतला अल्कली बाहेर आलाय आणि तो तांब्याच्या रेघा खातो. जुने बोर्ड बहुतेक वेळा प्रोसेसर जळून मरत नाहीत, या बॅटरीच्या गळतीने मरतात.

कटरने बॅटरीचे पाय कापून ती काढा. हातमोजे घाला आणि हे काम मुलांना देऊ नका. डागावर कापसाने पांढरं व्हिनेगर लावा, अल्कली मारायला आम्लच लागतं. फेस यायचा थांबला की डिस्टिल्ड पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. दिवसभर सावलीत वाळवा. नंतर मल्टिमीटर बीपवर ठेवून त्या कोपऱ्यातली प्रत्येक रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. तुटलेल्या रेघेवर बारीक इनॅमल वायरचा पूल टाकता येतो.

एक चूक सर्रास होते. कापलेल्या बॅटरीच्या जागी सीआर२०३२ चं बटण-सेल डागतात. तो बोर्ड जुनी बॅटरी चार्ज करायचा, तो या सेललाही चार्ज करू बघतो, आणि हा सेल चार्ज करायचा नसतोच. तो फुगतो. मध्ये डायोड हवाच. त्यापेक्षा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा जोड असतो तो वापरा, शेजारचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) तिकडे फिरवायला विसरू नका.

पाटीपेन्सिल
बॅटरी नसेल तर मशीन सुरूच होणार नाही का?

टाकणखार
होतं. फक्त दर वेळी सेटअप विसरतं. तारीख १ जानेवारी १९८० दाखवेल आणि हार्ड डिस्क ओळखणार नाही. ३८६ला सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे हाताने भरावे लागतात. ते डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात, आत्ताच फोटो काढून ठेवा.

आता वीज. पहिल्या तीन कॅबिनेटचा पुढचा पॉवर स्विच खरा २३० व्होल्टचा आहे. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, निघालेली जाड केबल थेट त्या बटणापर्यंत येते आणि तिच्या चार वायरींपैकी दोन, बटण बंद असतानाही, जिवंत असतात. पेंटियम ४ पासूनच्या मशीनमध्ये बटण नुसता इशारा देतं, तिथे हा धोका नाही. त्या चार टोकांवरची रबरी आवरणं घट्ट आहेत ना, ते बघा. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा. एसएमपीएसचा डबा मुलांसमोर मुळीच उघडू नका. आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या डब्यांवर) मिळून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे मशीनला जाणाऱ्या विजेच्या वाटेतच एक बल्ब. १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी चालणार नाही. होल्डर, वायर, सॉकेट सगळं महाराणी रोडला मिळेल. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. जुन्या, एटी पद्धतीच्या एसएमपीएसला रिकामं चालवायचं नसतं, एखादी निकामी हार्ड डिस्क भार म्हणून जोडा. मग बल्ब काढून मोजा: लाल वायर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळी ११.४ ते १२.६. याबाहेर आकडा आला तर बोर्डाला जोडू नका.

बोर्डाला जाणारे एटीचे दोन जोड असतात, पी८ आणि पी९. दोन्ही शेजारी लावताना काळ्या वायरी मधोमध एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड तिथल्या तिथे संपतो. जोड तसे बसतातही, त्यामुळे भरवसा फक्त डोळ्यांचा.

नर्मदाकाठ
यात भर घालतो. ३८६च्या बोर्डावर थेंबाच्या आकाराचे पिवळे-केशरी टँटलम कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेले हे कपॅसिटर पहिल्या झटक्यात शॉर्ट होऊन फुटतात, विशेषतः १२ व्होल्टच्या वायरीवरचे. पहिल्या वेळी मुलांना दोन हात लांब उभं करा आणि स्वतः चष्मा घाला.

आणि इंदूरचा मे महिना म्हणजे कोरडी हवा, त्यात स्थिर वीज जास्त साठते. नायलॉनच्या चटईवर बोर्ड ठेवू नका, सुती सतरंजी बरी. चिप हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायची सवय मुलांना लावा. धूळ ब्लोअरने गच्चीवर काढा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या झोताने पातं भलत्या वेगाने फिरलं की बेअरिंग जातं.

शून्य_एक
आता इतिहासाकडे येते. सनावळीपेक्षा मुलांना पाय मोजायला लावा. प्रोसेसरला किती पाय आहेत एवढ्या एका प्रश्नावर अख्खा इतिहास उभा राहतो, कारण प्रोसेसर बदलला की बोर्ड का बदलावा लागला हे त्या पायांतच दिसतं.

सुरुवात १९७१ पासून. इंटेलचा ४००४, बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी बनलेला: ४ बिट, २,३०० ट्रान्झिस्टर, पाय फक्त १६. १९७८ चा ८०८६: १६ बिट, २९,००० ट्रान्झिस्टर, पाय ४०. त्याला पत्त्यासाठी २० आणि डेटासाठी १६ रेघा हव्या होत्या. वीज आणि नियंत्रणाचे पाय धरता एवढं ४० मध्ये मावेना, म्हणून त्याच पायांवरून आधी पत्ता पाठवायचा आणि मग डेटा अशी पाळी लावली. पत्त्याच्या २० रेघा म्हणजे १ मेगाबाइट मेमरी, हा हिशेब आठवीच्या मुलाला फळ्यावर जमतो.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पीसी आणला, त्यात मात्र ८०८८ घेतला. आतून १६ बिटच, पण बाहेर डेटाचा रस्ता ८ बिटांचा. त्यामुळे ८ बिटांच्या काळातल्या स्वस्त जोडचिपा वापरता आल्या. त्याची गती ४.७७ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा आला कुठून? बोर्डावर १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. त्याला ४ ने भागलं की ३.५८, जो अमेरिकी रंगीत टीव्हीच्या सिग्नलला लागतो. ३ ने भागलं की ४.७७, तो प्रोसेसरला दिला.

रामबागकर, तुमच्या ३८६च्या बोर्डावर ही चंदेरी डबी शोधा. १४.३१८ असं कोरलेलं असेल. प्रोसेसरला त्याची आता गरज नव्हती, तरी कार्डांच्या स्लॉटसाठी तो स्फटिक पुढे कित्येक वर्षं बोर्डांवर राहिला. तिथेच ८०.००० लिहिलेली दुसरी डबी असेल. ३८६ला दुप्पट गतीचं क्लॉक द्यावं लागतं आणि तो आत निम्मं करून घेतो, म्हणून ४० साठी ८०.

पाटीपेन्सिल
शून्य_एक ताई, मग २८६ कुठे गेला? आणि आयबीएमच्या मशीनमध्ये एएमडीचा माल कसा शिरला, हे मुलं विचारतीलच.

शून्य_एक
२८६ फेब्रुवारी १९८२ चा. पत्त्याच्या २४ रेघा, म्हणजे १६ मेगाबाइट. त्यात संरक्षित मोड (एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू न देणारी पद्धत) आला, पण एकदा त्यात शिरलं की जुन्या मोडमध्ये परतायला प्रोसेसर रीसेट करावा लागे. डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीचे प्रोग्रॅम जुन्या मोडचे, त्यामुळे तो लोकांनी बहुतांशी वेगवान ८०८६ म्हणूनच वापरला. ही अडचण ऑक्टोबर १९८५ च्या ३८६ने सोडवली: ३२ बिट, २,७५,००० ट्रान्झिस्टर, १३२ पाय.

एएमडीचं असं: एकाच कंपनीवर अवलंबून राहायला आयबीएम तयार नव्हती, म्हणून इंटेलने एएमडीला आपले प्रोसेसर बनवायचा परवाना दिला. ३८६च्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, कोर्टकज्जे झाले आणि १९९१ मध्ये एएमडीने आपला ३८६ बाजारात आणला. इंटेलचा ३८६ ३३ मेगाहर्ट्झला थांबला होता, हा ४० ला चालायचा. तुमच्याकडे तोच आहे. आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही हे इंटेलला याच भांडणात कळलं, म्हणून ५८६ न म्हणता पेंटियम. त्या पेंटियमच्या प्रकल्पाची धुरा विनोद धाम यांच्याकडे होती, त्यांचा जन्म पुण्याचा.

शेजारचं रिकामं सॉकेट ३८७ चं. दशांश अपूर्णांकांची गणितं वेगाने करणारी ती वेगळी चिप विकत घ्यावी लागे. ४८६डीएक्समध्ये ती आतच आली.

काळी_माती
३८६मध्ये कॅश मेमरी (प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी) नसते आणि ४८६पासून ती सुरू झाली, हेही सांगा.

शून्य_एक
थोडी दुरुस्ती. ३८६च्या चिपमध्ये नसते, पण बोर्डावर असते. ४० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर सॉकेटात बसवलेल्या लांबट चिपांची एक रांग सापडेल, सगळ्या मिळून ६४ किंवा १२८ किलोबाइट. ४८६ने ८ किलोबाइट प्रोसेसरच्या आत नेले. एप्रिल १९८९, १२ लाख ट्रान्झिस्टर, १६८ पाय. डीएक्स२ चा अर्थ बाहेर बोर्ड ३३ ला आणि आत प्रोसेसर ६६ ला. बोर्डापेक्षा प्रोसेसर पुढे धावू लागला तो इथून, आणि आतल्या कॅशशिवाय त्या दुप्पट गतीचा फारसा उपयोग झाला नसता.

टाकणखार
रुंदी समजावायला रॅमइतकं सोपं साधन नाही. तिन्ही मशीनची रॅम काढून टेबलावर मांडा. ३८६मध्ये ३० पिनांच्या आखूड पट्ट्या, प्रत्येक ८ बिट रुंद. डेटाचा रस्ता ३२ बिटांचा, म्हणून एकावेळी ४ पट्ट्या लागतात. तीन लावल्या तर मशीन मुकं. ४८६मध्ये ७२ पिनांची पट्टी असेल तर ती एकटीच ३२ बिटांची, एक पुरते. पेंटियमचा रस्ता ६४ बिटांचा, त्यामुळे त्याच ७२ पिनांच्या पट्ट्या जोडीनेच लावाव्या लागतात. मुलांना आधी एक लावू द्या, पडदा काळा राहील. मग दुसरी लावली की पडद्यावर मेमरीची मोजणी सुरू होते.

पट्टी तिरकी घालून मग उभी करायची, दोन्ही बाजूंचे पत्र्याचे आकडे आपोआप अडकतात. काढताना दोन्ही आकडे नखाने एकदम बाहेर ढकला. काही बोर्डांवर ते प्लॅस्टिकचे असतात आणि जुनं प्लॅस्टिक खडूसारखं तुटतं. घाई नको. सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या पुसा, मग अल्कोहोल.

नर्मदाकाठ
जंपर आणि व्होल्टेज राहिलं. तुमचा डीएक्स२ पाच व्होल्टवर चालतो. नंतरचा डीएक्स४ ३.३ वर चालायचा, तो पाच व्होल्टच्या बोर्डात घातला की जातो. पहिले पेंटियम ६० आणि ६६ पाच व्होल्टचे होते आणि चांगलेच तापत. तुमचा १०० चा ३.३ वाला. नंतरच्या एमएमएक्स जातीच्या पेंटियमना आत २.८ आणि बाहेर ३.३ असे दोन व्होल्टेज लागत. म्हणून मुलांनी हौसेने प्रोसेसरांची अदलाबदल करण्याआधी बोर्डावर छापलेला जंपरचा तक्ता वाचायलाच हवा.

शून्य_एक
पेंटियम १०० वर एक प्रयोग होऊ शकतो. १९९४ मध्ये भागाकाराची चूक सापडली ती ६० ते १०० मेगाहर्ट्झच्या सुरुवातीच्या पेंटियममध्ये होती. भागाकारासाठी चिपच्या आत १,०६६ नोंदींचा एक तक्ता होता, त्यातल्या ५ नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. जुन्या स्प्रेडशीटमध्ये ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणा आणि ते ४१९५८३५ मधून वजा करा. शून्य आलं तर चिप चांगली, २५६ आलं तर तीच सदोष आवृत्ती. इंटेलला बदलून देण्याचा खर्च ४७.५ कोटी डॉलर आला. सदोष निघाली तर फेकू नका, शिबिराचा तोच सगळ्यात मोलाचा तुकडा ठरेल.

रामबागकर
अगदी हेच हवं होतं. आता पेंटियम ४ चा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) काढायचा आहे. मधली पेस्ट दगडासारखी झालीय.

टाकणखार
ओढू नका! ४७८ पिनांचं सॉकेट खटक्याने बंद असलं तरी वाळलेली पेस्ट प्रोसेसरला हीटसिंकसकट उपटून वर आणते आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, हीटसिंकच्या दोन्ही बाजूंचे खटके सोडा आणि आधी डावी-उजवी किंचित पिळा. सुटल्याची जाणीव हाताला होते, मगच उचला. मशीन चालत नसेल तर हेअर ड्रायरने बाजूने ऊब द्या. पिन वाकलीच तर ०.७ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढा आणि टोकाची पोकळ नळी पिनेवर चढवून हळू सरळ करा. एकदाच. पुन्हा पुन्हा वाकवली की पिन तुटते.

नवी पेस्ट मटाराच्या छोट्या दाण्याएवढी, मधोमध. फासू नका, हीटसिंकच्या दाबाने पसरते. पेस्ट आणि सीआर२०३२ सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल.

कोअर टू ड्युओमध्ये उलट आहे. तिथे पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत, ७७५ बारीक स्प्रिंगा. त्यांना बोट लागलं तर बोर्ड गेला असं समजा. हे सॉकेट मुलांना भिंगातून दाखवा, उघडझाक मोठ्यांनीच करावी. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या, टक् असा आवाज येतो. मग बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांचे पाय पूर्ण बाहेर आलेत का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो, आणि खोलीत ४० अंश असताना प्रोसेसर काही मिनिटांत मान टाकतो.

दोन्ही बोर्डांवर प्रोसेसरच्या भोवतीचे उभे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ असलेलं दिसलं तर बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो ईएसआर (आतला रोध कमी) लिहिलेला. काढण्यापूर्वी फोटो घ्या. बोर्डावर रंगवलेला अर्धा भाग कुठे ऋण दाखवतो, कुठे धन, त्यावर विसंबू नका. जमिनीच्या (ग्राउंडच्या) पायाचा डाग लवकर वितळत नाही कारण आतला तांब्याचा थर उष्णता पिऊन टाकतो. ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न घ्या आणि आधी थोडं नवं सोल्डर भरा.

पाटीपेन्सिल
एक भाबडा प्रश्न. चौथं मशीन २.४ गिगाहर्ट्झचं आणि पाचवं २.८ चं. आकडा जेमतेम वाढलाय, मग कामात इतका फरक कसा? आणि आजही तो आकडा ५-६ च्या आसपासच का?

शून्य_एक
भाबडा मुळीच नाही, हा प्रश्न खुद्द इंटेललाही पडला होता. पेंटियम ४ मध्ये प्रत्येक सूचना २० टप्प्यांत तोडली होती, पुढच्या प्रेस्कॉट नावाच्या आवृत्तीत ३१. टप्पा छोटा म्हणून क्लॉक वाढवता येतं. पण प्रोग्रॅम कुठल्या वाटेने जाणार हा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं सगळं काम टाकून पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात. एका ठोक्यात पुरं होणारं काम त्यामुळे कमीच राहिलं.

उष्णतेचा हिशेब असा की खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि गतीच्या प्रमाणात वाढते. ५ चा वर्ग २५, १.२ चा वर्ग १.४४. नुसतं व्होल्टेज पाचावरून १.२ वर आणल्याने सतरापट बचत झाली, आणि ६६ मेगाहर्ट्झपासून गिगाहर्ट्झपर्यंतची मजल बरीचशी त्या बचतीवर मारली. पुढे व्होल्टेज आणखी उतरवलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. बचत संपली. पेंटियम ४ ची काही मॉडेलं ११५ वॅटवर गेली आणि ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल २००४ मध्ये रद्द झालं. जुलै २००६ च्या कोअर टू ड्युओने टप्पे कमी केले, एका चिपवर दोन कोअर, म्हणजे दोन स्वतंत्र प्रोसेसर, ठेवले, आणि तुमचा ई७४०० ६५ वॅटच्या हिशेबाने बनला.

आता पायांकडे परत. ६५ वॅट भागिले १.२ व्होल्ट म्हणजे ५० अँपिअरच्या वर. घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम २ अँपिअर घेतो. एवढा प्रवाह एका पायातून नेला तर पाय जळेल, म्हणून ७७५ पैकी अर्ध्याहून अधिक जोड फक्त वीज आणि जमिनीसाठी आहेत. ४००४ चे १६, ८०८६ चे ४०, ३८६ चे १३२, ४८६ चे १६८, मग ४७८, ७७५, आणि २०२२ च्या एएमडीच्या एएम५ सॉकेटला १,७१८. रस्ता रुंद झाला म्हणून पाय वाढले हे ४८६-पेंटियमपर्यंत खरं. नंतरची बरीचशी वाढ विजेची भूक भागवण्यासाठी.

काळी_माती
रामबागकर, ३८६च्या स्लॉटमध्ये एखादं जादा कार्ड आहे का? मराठी वाचनालयाचं मशीन आहे म्हणून विचारतो. त्या काळी डॉसवर देवनागरी आणायला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड लावत.

रामबागकर
आहे! एक कार्ड कशाचं ते कळत नव्हतं. आत्ता पुन्हा बघितलं, जिस्ट असंच छापलंय.

काळी_माती
मग ते मशीन जपा, बाकीच्या चौघांपेक्षा जास्त. भारतीय लिप्या संगणकात साठवायची इस्की नावाची प्रमाणपद्धती अशाच कामासाठी होती, आयएस १३१९४, सन १९९१. आजच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे, आणि आजची कीबोर्डची इनस्क्रिप्ट रचना मुळात त्याच काळातली आहे. डिस्कवर जुन्या पुस्तकांची सूची असेल तर ती साध्या संगणकावर गिचमीड अक्षरं दाखवेल, पण फाइल बिघडलेली नाही. इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर केलं की वाचता येते.

टाकणखार
हे आधी कळलं असतं तर क्रम वेगळा सांगितला असता. आता असं करा: ३८६ची हार्ड डिस्क चालू करायच्या आधी बाहेर काढा. आयडीई (जुन्या डिस्कच्या रुंद केबलचा जोड) ते यूएसबी अडॅप्टर घेणार असाल तर तो इतक्या जुन्या डिस्कला चालतो का ते विचारूनच घ्या, बरेच अडॅप्टर एलबीए (सेक्टरांना सरळ क्रमांक देण्याची पद्धत) नसलेली डिस्क ओळखतच नाहीत. नाही चालला तर डिस्क तुमच्या पेंटियम ४ च्या आयडीई केबलवर लावा, लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू करा आणि पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा. आधी प्रत, मग प्रयोग. डिस्कने करकर आवाज केला तर लगेच बंद करा.

शिबिरात मूळ डिस्क लावूच नका. आयडीईचं कॉम्पॅक्ट फ्लॅश अडॅप्टर आणि ५१२ मेगाबाइट किंवा त्याहून लहान कार्ड वापरा. जुना बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टरपलीकडे मोजत नाही. ५१२ बाइटने गुणलं की ५२.८ कोटी बाइट, तिथे त्याची हद्द संपते. काढलेली प्रतिमा त्या कार्डावर उतरवा. सेटअपमध्ये टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा पर्याय) निवडून मूळ डिस्कच्या लेबलवरचेच आकडे भरा, कार्डाचे नाही. नाहीतर डॉसला आपले विभाग सापडणार नाहीत.

रामबागकर
लेबलचा फोटो काढला. पेंटियम ४ ला आयडीई केबल आहे. बॅटरीचा कोपरा व्हिनेगरने साफ करून सावलीत ठेवलाय, उद्या मल्टिमीटरने रेघा तपासून इथे लिहितो.